अबू शाहेरनं पाय दिला

माणूस आजारी पडतो तेव्हा एकटं त्याचं शरीर आजारी पडत नाही. त्याचं घर, त्याची भाकरी आणि त्याचा शेजार, सगळेच अंथरूण धरतात. म्हणून शरीर पाहणारी नर्स आणि घर पाहणारा समाजकार्यकर्ता यांनी एकत्र शिकलं पाहिजे, तरच माणूस वाचेल. हे वाक्य माझं आहे. आमच्या प्रकल्पाच्या अर्जात ते तीन वेळा आलं आहे, कारण अर्ज किमान बारा पानांचा हवा होता. ज्या माणसाला वाचवायचं होतं त्याला काहीही झालेलं नव्हतं, हे मात्र अर्जात कुठेही आलेलं नाही.

त्या माणसाचं नाव अबू शाहेर, म्हणजे शाहेरचा बाप. इर्बिद ते अज्लून रस्त्यावर सत्तावीस वर्षं बस चालवून तो निवृत्त झाला आणि आमच्या कॉलेजात रुग्ण म्हणून लागला. दर सत्रात त्याला एक आजार द्यायचा, त्या आजाराची दोन पानं पाठ करायला द्यायची, पलंगावर नाहीतर सोफ्यावर बसवायचं आणि नर्सिंगचा एक व समाजकार्याचा एक असे दोन विद्यार्थी जोडीनं त्याच्या अंगावर सोडायचे. तीन वर्षांत त्याला दमा झाला, हृदयविकाराचे दोन झटके आले, नैराश्य आलं आणि एकदा, त्या दिवशी ठरलेली बाई आली नाही म्हणून, बाळंतपणानंतरचा अशक्तपणाही आला. या सगळ्यांतून तो बरा झाला. कामावर त्याची निष्ठा होती. दम्याच्या सत्रात तो घरापासूनच धापा टाकत यायचा. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं त्याच्यासाठी दोनदा ॲम्ब्युलन्स बोलावली होती.

यंदा त्याला मधुमेह दिला होता, आणि उजव्या पावलावर भरून न येणारी जखम. जखम मेणाची. लाल, पिवळी आणि कडेला किंचित हिरवी. प्रयोगशाळेतल्या बाईंनी ती इतका जीव ओतून बनवली होती की पहिल्या दिवशी मी हातातलं फलाफल अर्धं टाकून दिलं. कथा अशी होती की रुग्ण घरी बसून आहे आणि दवाखान्यात जायला तयार नाही. जोडीनं वीस मिनिटांत त्याची साखर पाहायची, पाय पाहायचा आणि त्याला राजी करायचं. नकाराचं कारण त्याच्या दोन पानांत लिहिलेलं होतं. पण कुणी विचारल्याशिवाय ते सांगायचं नाही, अशी त्याला ताकीद होती.

परीक्षक आम्ही दोघं. नर्सिंगच्या डॉक्टर हेयाम आणि समाजकार्याचा मी, डॉक्टर मुन्झिर. आमच्या कॉलेजात सगळेच डॉक्टर आहेत. ज्याला खरोखर काही दुखतंय त्यानं बाहेर जावं. आम्ही दोघं एका काचेमागे बसतो. आम्हाला खोली दिसते, खोलीतल्यांना आरसा दिसतो, आणि त्यांचं बोलणं एका खरखरणाऱ्या लाउडस्पीकरमधून आमच्यापर्यंत येतं. हेयामच्या हातात शंभर गुणांची यादी असते, बेचाळीस मुद्द्यांची. हात धुतले का, नाव विचारलं का, हातमोजे घातले का. माझ्या यादीत अकरा मुद्दे आहेत, ‘आस्था दाखवली’ वगैरे. त्यांच्यापुढे डोळे मिटूनही खूण करता येते.

त्या गुरुवारी बयानची पाळी होती.

बयान नर्सिंगची, तिसऱ्या वर्षाची. गेल्या सत्रात ती याच परीक्षेत नापास झाली होती. मुलीचा हात असा की तिनं बांधलेली पट्टी सोडवणं जिवावर यावं. पण वीस मिनिटांत ती रुग्णाशी एकूण पाच शब्द बोलली होती आणि त्यांतले दोन ‘माफ करा’ होते. आज पुन्हा नापास झाली तर तिचं नाव कमी होणार होतं. मग काय करायचं ते वडिलांनी ठरवून ठेवलं होतं: मामाच्या अत्तराच्या दुकानात गल्ल्याजवळ बसायचं. बयानला अत्तरानं शिंका येतात. यातलं काहीही तिनं मला सांगितलं नाही, ती कशाला सांगेल. तिची आई सकाळी फाटकापाशी गाठून सगळं सांगून गेली आणि जाताना भात भरलेल्या द्राक्षाच्या पानांचा डबा देऊ लागली. तो डबा मी घेतला नाही, असं मी हेयामला सांगितलं.

तिचा जोडीदार कुतैबा, माझा विद्यार्थी. त्याचे आजोबा म्हणजे आसपासच्या गावांतले नामांकित मध्यस्थ. मुलीला मागणी घालायची असो की अपघातात माणूस गेल्यावर दोन घराणी शांत करायची असोत, पन्नास वजनदार माणसं घेऊन यजमानाच्या दारी जायचं तर पुढे तेच. अशा मंडळींना आमच्याकडे जाहा म्हणतात. कुतैबा सहा वर्षांचा असल्यापासून आजोबांच्या मागे बसून ती भाषणं ऐकत आलेला. त्यामुळे त्याला कुणी “काय, कसं काय?” विचारलं तरी तो आधी ईश्वराचे आभार मानतो, मग विचारणाऱ्याच्या घराण्याची कीर्ती सांगतो, आणि तोवर विचारणाऱ्याची बस येते.

उघड्या दाराबाहेर दोघांचं चाललेलं आम्हाला लाउडस्पीकरमधून ऐकू येत होतं.

“तू हातांचं बघ, तोंडाचं मी बघतो,” कुतैबा म्हणाला.

“बोलण्याचे मलाही गुण आहेत,” बयान म्हणाली.

“मग मधे मधे मान डोलाव.”

“मान डोलावण्याचे नाहीत.”

“पोरी, तू आत्ता एका दमात जेवढं बोललीस ना, तेवढं आत बोललीस तरी पास आहेस.”

आता कॉफीचं सांगायला हवं. खोली घरासारखी दिसावी म्हणून हेयामनं बाजारातून कॉफीचं पितळी भांडं आणि बिनकानाचे चार कप आणून ठेवले होते. रिकामे. अबू शाहेरला ते पहिल्या दिवसापासून सलत होतं.

“डॉक्टर, पाहुणा दारात आणि मी त्याच्या हातात रिकामा कप देऊ? माझा बाप काय म्हणेल?”

“अबू शाहेर, तुमचे वडील या परीक्षेत नाहीत,” हेयाम म्हणाली होती.

त्या गुरुवारी त्यानं घरून थर्मासमध्ये कॉफी आणली, कडू, वेलदोड्याची, आणि आम्हाला न सांगता भांड्यात ओतली. काचेमागे वास येत नाही. वाफ तेवढी दिसली.

बयान आत आली. तिनं हात धुतले, नाव विचारलं, बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ब्याण्णव, आणि पायाकडे वळायचं म्हणून नवे हातमोजे घातले. हेयामचं पेन मजेत खुणा करत चाललं होतं. इतक्यात अबू शाहेरनं कॉफी ओतली, एक कप कुतैबाला दिला आणि दुसरा बयानपुढे धरला.

हेयामच्या यादीतला नववा मुद्दा: कामावर असताना रुग्णाच्या खोलीत खाणंपिणं करू नये. बयाननं नियम पाळला. आता कोणतीही दुसरी मुलगी छातीवर हात ठेवून, काकाला म्हणावं तसं म्हणाली असती, नको अम्मो, कामावर आहे, देव तुमचा हात भरलेला ठेवो. बयानला एवढं लांब वाक्य जमण्यासारखं नव्हतं. तिनं कप घेतला आणि एक घोटही न घेता समोरच्या टेबलावर ठेवला.

“नववा मुद्दा,” हेयाम समाधानानं म्हणाली. “पाळला.”

“हेयाम, तिनं कप खाली ठेवला.”

“तेच म्हणतेय मी.”

“न पिता खाली ठेवला. यजमानाच्या डोळ्यांसमोर.”

हेयामचं पेन थांबलं. तीही इर्बिदचीच. “या अल्लाह,” ती म्हणाली.

कप असा ठेवला म्हणजे पाहुणा काहीतरी मागायला आला आहे आणि ते मिळेपर्यंत तो घोट घेणार नाही. यजमानानं मग द्यावं, नाहीतर उरलेलं आयुष्य लोकांच्या तोंडी घालवावं. अशा कपांवर मुली दिल्या गेल्या आहेत, जमिनी सुटल्या आहेत, खून माफ झाले आहेत. नर्सिंगच्या परीक्षेत हा प्रकार पहिलाच.

अबू शाहेर कण्हत होता तो थांबला. ताठ बसला. जखमेचा पाय त्यानं झग्याच्या सोग्याखाली झाकून घेतला, कारण मागणीच्या वेळी पाय उघडा ठेवून बसणं बरं दिसत नाही.

“कॉफी घ्या, पाहुणे,” तो भारदस्त आवाजात म्हणाला.

त्यानं सूर लावला आणि कुतैबाच्या रक्तातले आजोबा जागे झाले. त्यानं स्वतःचाही कप खाली ठेवला आणि तो उठून उभा राहिला. ईश्वराचे आभार मानले. पैगंबरांवर सलाम पाठवला. मग म्हणाला, “अबू शाहेर, तुमच्या घराण्याचं औदार्य अज्लूनच्या डोंगरापासून इर्बिदच्या बसथांब्यापर्यंत कुणाला ठाऊक नाही? तुमच्या बसमध्ये बसलेला माणूस कधी उभा राहिला नाही, आणि उभा राहिलेला कधी खाली उतरवला गेला नाही…”

“हा रुग्णाशी बोलतोय की लग्न जमवतोय?” हेयामनं विचारलं.

“अजून नक्की नाही.”

ते भाषण अकरा मिनिटं चाललं. चौथ्या मिनिटाला अबू शाहेरच्या डोळ्यांत पाणी आलं. बयान हातमोजे घातलेले हात हवेत धरून उभी होती, मोजे कशाला लागू नयेत म्हणून, आणि त्यामुळे तीही दुआ मागतेय असं दिसत होतं.

“…आणि म्हणून, मोठ्या मनाच्या माणसा, आम्ही आज तुमच्या दारी आलो आहोत ते तुमच्या उजव्या पायाची मागणी घालायला. सरकारी दवाखान्यासाठी.”

दोन पानांत लिहिलं होतं की रुग्णानं तीन वेळा नकार द्यावा. अबू शाहेरनं उजवा हात छातीवर ठेवला.

“प्या तुमची कॉफी,” तो म्हणाला. “पाय तुमचा. लागला तर डावाही न्या.”

कुतैबानं कप एका घोटात संपवला आणि कपाळाचा घाम पुसला. मग सगळे बयानकडे बघू लागले. चार मिनिटं उरली होती.

“प्यायली तर नववा मुद्दा गेला,” हेयाम म्हणाली.

“नाही प्यायली तर पाय गेला.”

“मुन्झिर, आणि ही संमती म्हणजे काही संमती नव्हे. रुग्णानं समजून उमजून हो म्हणायला हवं. हा तर भिडेनं हो म्हणाला. मी तिला नापास करतेय.”

हेयाम दुष्ट नाही. तिची यादी बरोबर होती; तीच तर पंचाईत. मला सकाळचा डबा आठवला. तो माझ्या टेबलाखाली होता.

बयानचे कान लाल झाले होते. तिनं हातमोजे काढले, टोपलीत टाकले, पुन्हा हात धुतले आणि कप उचलला. पण ओठांपाशी नेला नाही. सोफ्यासमोर गुडघ्यांवर बसली, अबू शाहेरचा चेहरा दिसेल अशी.

“अम्मो,” ती म्हणाली. लाउडस्पीकर खरखरला, मी आवाज वाढवला. “तुम्ही हो म्हणालात ते कपाला म्हणालात. मला नाही.”

“पोरी, दिलं ते दिलं. पी.”

“पिते. पण तुम्हाला जायचं नव्हतं. का जायचं नव्हतं?”

त्या सत्रात अबू शाहेरनं तेवीस जोड्यांपुढे पाय पसरला होता. हा प्रश्न त्याला चोविसावी जोडी येईपर्यंत कुणी विचारला नव्हता. दोन पानांत उत्तर होतं: त्याचा भाऊ असाच पाय घेऊन दवाखान्यात गेला आणि पाय ठेवून परत आला. चांगलं उत्तर होतं, मीच लिहिलं होतं. पण इतके दिवस न लागलेलं उत्तर तो विसरला होता. त्यानं आरशाकडे बघितलं. आरशात तोच होता.

“मला…” तो म्हणाला. “मला तिथं एकट्यानं बसायला नको वाटतं. सगळ्यांबरोबर कुणी ना कुणी असतं. आपण पाणी प्यायला उठलो की जागा जाते. पोरं दोन्ही दोहाला. शाहेरची आई होती तेव्हा ती पिशवी धरून बसायची. आता पिशवी कुणाकडे द्यायची?”

हे दोन पानांत नव्हतं.

“मी येते,” बयान म्हणाली. “पिशवी मी धरीन.”

आणि ती कॉफी प्यायली. कप रिकामा झाल्यावर दोनदा हलवला, पुरे म्हणून, आणि परत दिला. घंटा वाजली.

एरवी घंटा वाजली की अबू शाहेर मेण खरवडून काढतो, बिस्कीट मागतो आणि पुढच्या जोडीपर्यंत खिडकीत उभा राहतो. मी आत गेलो तेव्हा तो डाव्या पायात बूट घालून, उजव्या पायात सपात अडकवून दाराशी उभा होता.

“चला,” तो म्हणाला.

“कुठे?”

“दवाखान्यात.”

“अबू शाहेर, परीक्षा संपली.”

“परीक्षा संपली असेल, डॉक्टर. पाहुण्यांनी माझी कॉफी प्यायलीय.”

“पण तुमच्या पायाला काही झालेलं नाही!”

“ते दवाखान्यात सांगतील ना.”

हेयामनं त्याला नियम सांगितले, विमा सांगितला, अजून दोन जोड्या बाहेर थांबल्या आहेत हे सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, “डॉक्टर हेयाम, तुमच्या घरी जाहा येऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या वडिलांनी सांगितलं की ते सगळं नाटक होतं, तर?” हेयामच्या लग्नाला वीस वर्षं झाली आहेत. तिनं यादी उचलली. बयान तोवर त्याची पिशवी घेऊन जिन्यापाशी पोचली होती.

माझ्याच गाडीतून गेलो. अबू शाहेर पुढे बसून मला गिअर कधी बदलायचा ते सांगत होता. मागे कुतैबा, बयान आणि हेयाम. विद्यार्थी आवाराबाहेर गेले की जबाबदारी तिची.

“तक्रार काय?” दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीतल्या माणसानं मान वर न करता विचारलं.

“भाऊ, देव तुमच्या कामाला बरकत देवो,” कुतैबानं सुरुवात केली. “तुमच्या या खिडकीची कीर्ती…”

“उजवा पाय,” बयान त्याला बाजूला सारून म्हणाली. “साखर ब्याण्णव, अर्ध्या तासापूर्वीची. सोबत मी आहे.”

नंबर मिळाला चौसष्ट. तेव्हा एकतीस चालू होता. दीड तास आम्ही तिथं बसलो आणि अबू शाहेर इतका खुशीत मी बाळंतपणाच्या सत्रातही पाहिला नव्हता. तो मुद्दाम दोनदा पाणी प्यायला उठला. दोन्ही वेळा जागा शाबूत होती. पिशवी मांडीवर घेऊन बयान शेजारच्या बाईला, ही जागा धरलेली आहे, असं चक्क मोठ्यानं सांगत होती. त्यानं तिला अज्लूनच्या घाटातली वळणं एकेक करून सांगितली. ती विचारत गेली. हेयाम भिंतीला टेकून ऐकत होती आणि तिच्या हातातली यादी गुंडाळी होऊन बसली होती.

नंबर आला. डॉक्टर तरुण होता आणि सकाळपासून जेवला नसावा. पाय बघितल्याबरोबर तो खुर्चीतून उठला.

“किती दिवस झाले?”

“तीन आठवडे,” अबू शाहेर प्रामाणिकपणे म्हणाला. “संध्याकाळी काढतो.”

“काय काढता?”

“जखम.”

“दुखतं?”

“दुखतं असं लिहिलंय.”

डॉक्टरनं चिमट्यानं कड अलगद उचलली आणि अख्खी जखम त्याच्या हातात आली. त्यानं जखमेकडे बघितलं, मग पायाकडे, मग आम्हा सगळ्यांकडे, आणि शेवटी माझ्याकडे, कारण सोबत आलेल्यांत वयानं मी मोठा दिसत होतो.

“मी समाजकार्य शिकवतो,” मी म्हणालो.

हे काही स्पष्टीकरण नव्हे. पण त्यानं मान हलवली. आमच्यातले काही त्यानं पूर्वी पाहिले असावेत. चिठ्ठीवर त्यानं लिहिलं: पाय उत्तम. नखं कापावीत. शिक्का मारला. बयाननं बाहेरच्या बाकावर बसून दहाही नखं कापली, एकही शब्द न बोलता, आणि अबू शाहेरनं शेजारच्या माणसाला सांगितलं की ही माझ्याबरोबर आलीय.

दुपारी हेयामच्या खोलीत आम्ही गुण मोजायला बसलो. बेरीज अठ्ठावन्न. साठाला पास. मी यादी चौथ्यांदा वाचून पाहिली, हेयामनं पाचव्यांदा.

“एक्केचाळिसावा मुद्दा,” ती एकदम म्हणाली. “‘रुग्ण पुढील उपचारासाठी पोहोचला.’ तीन गुण.”

ही यादी खऱ्या वॉर्डच्या फॉर्मवरून उतरवलेली. सोंगाचा रुग्ण इमारतीबाहेर जाणार कसा? त्यामुळे तो मुद्दा आजवर कुणालाही मिळालेला नव्हता आणि तो यादीत आहे हेही आम्ही विसरलो होतो. हेयामनं शिक्क्याची चिठ्ठी दिव्याखाली धरून तपासली. मग खूण केली. अठ्ठावन्न आणि तीन, एकसष्ट. मग पान मागे उलटलं आणि नवव्या मुद्द्याचा एक गुण कापला, कारण कॉफी ती प्यायलीच होती.

बयानला साठ गुण पडले. तिचं नाव कमी झालं नाही.

कुतैबा नापास झाला. वीस मिनिटांत त्यानं रुग्णाला एकही प्रश्न विचारला नव्हता.